डिकीत ठेवलेले बटर

मित्रांनो, माझ्याजवळ यायचे असेल तर नाकाला रुमाल लावून या. मी एक जुनी सेडान गाडी आहे. चंदेरी रंग, चार दारे, मागे ऐसपैस डिकी. बाहेरून पाहाल तर मी तुम्हाला आवडेन, आणि नेमकी त्याचीच मला किळस येते. वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानाच्या आवारात मी पहिल्या रांगेत उभी आहे. माझ्या काचेवर 'एकाच मालकाने जपून वापरलेली' असा कागद चिकटवला आहे. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, तरीही तो कागद खोटारडा आहे. कसा ते ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे यंत्रांचे हात माझा पत्रा जोडत होते, आणि हातमोजे घातलेली माणसे माझ्या रंगावरून बोटे फिरवून कुठे खडबडीत लागते का ते बघत होती. नव्या रबराचा आणि नव्या कापडाचा तो वास मला अजून आठवतो. माझा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच एक वास.

मला विकत घेतले एका दंतवैद्यांनी. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचे म्हणून की काय, डॉक्टर स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक होते. माझ्यात बसून कुणी बिस्किट जरी फोडले तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. सुट्टीच्या सकाळी ते माझ्या पायाखालच्या मॅट काढून भिंतीवर आपटत आणि काचा आतून-बाहेरून पुसत. शेजारी चेष्टेने विचारत, "डॉक्टर, गाडीचेही दात घासता की काय?" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. नाकाने कांदे सोलायची सवय मला त्याच घरात लागली. म्हणूनच पुढचे सगळे मला जास्त झोंबले.

डॉक्टरांच्या इमारतीखाली तळघर होते आणि रात्री आम्ही सगळ्या गाड्या तिथे असायचो. एकदा शेजारच्या रस्त्याखालचा सांडपाण्याचा मोठा नळ फुटला आणि ते पाणी उतारावरून थेट तळघरात शिरले. पाणी कसले, गटारच ते. काळे, जाडसर, वर फेस आणि त्यात काय काय तरंगत होते ते मी सांगणार नाही, कारण तुम्हाला जेवायचे असेल. ते माझ्या दारांच्या फटींतून आत आले, सीटच्या वर चढले आणि तिथेच थांबले. पंप येईपर्यंत मी त्यात उभी होते. ज्या मॅटवर बिस्किटाचा कण चालत नसे, त्या मॅटवर गाळ बसला.

डॉक्टर मला बघायला तळघरात उतरले. नुसता दरवाजा उघडला आणि परत लावला. विम्याच्या माणसाला मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले, "ही आता रस्त्यावर आणू नका. आतल्या तारा गेल्यात. कुणाचा तरी जीव जाईल. सरळ भंगारात घाला." मला वाईट वाटले, पण राग आला नाही. माणूस खरे बोलला होता.

भंगाराच्या वाटेवरच या दुकानाच्या मालकाने मला पत्र्याच्या भावात उचलले. मित्रांनो, गटारात बुडले तेव्हा आली नव्हती एवढी शिसारी मला त्यानंतर आली. गटार निदान आपण गटार आहोत हे लपवत नव्हते. इथे एक पॉलिशवाला माझ्यावर सोडला गेला. त्याने कुजलेल्या सीटवर नवी कव्हरे चढवली आणि टायरला काळे फासले. इंजिनावर तेलकट चकाकी मारली. मालकाने मीटर मागे फिरवून माझे निम्मे आयुष्यच पुसून टाकले. ओल्या तारांवर हिरवट बुरशी चढली होती, त्यामुळे माझा ब्रेकचा इशारा देणारा दिवा सारखा लागायचा. मालकाने त्यावर उपाय काढला. ब्रेक दुरुस्त केले नाहीत, दिवा काढून टाकला. गालिच्याखाली आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात गाळ होता तो तसाच राहिला, कारण तिथे कोण बघतो. डिकी तेवढी दिवसभर उन्हात उघडी ठेवायची आणि आत अत्तर मारायचे, एवढे झाले की झाले. मी आरशात स्वतःला बघायचे टाळू लागले. आणि मला आरसे तीन आहेत.

गिऱ्हाइके यायची. त्यांचाही मला वीट आला होता. कुणी चाकाला लाथ मारायचा, कुणी बॉनेटवर टिचकी मारून कान लावायचा, कुणी गाणी किती मोठ्याने लागतात ते बघायचा. माझ्या आत गटार होते आणि ही मंडळी माझ्या गाण्यांची परीक्षा घेत होती.

मग एका सकाळी ती आली. घरी केक करून विकणारी एक तरुण बाई, बरोबर तिचे सासरे आणि हातात एक भला मोठा रिकामा खोका. तिची ही पहिलीच गाडी असणार होती. आजवर ती स्कूटरवरून केक पोचवायची आणि सासरे मागे बसून ते सांभाळायचे. नुकताच एका लग्नाचा तीन मजली केक सासऱ्यांच्या मांडीवर बसून निघाला होता. पोचला तेव्हा तो एकमजली होता, वरचे दोन मजले सासऱ्यांच्या शर्टावर होते. त्या दिवशी ती रडली आणि मग ठरवले की आता गाडीच घ्यायची. नवी परवडणारी नव्हती. साठवलेले सगळे या जुन्या गाडीत जाणार होते आणि फसली तर पुन्हा साठवायला कित्येक वर्षे लागणार होती. हे सगळे सासऱ्यांनीच मालकाला भडाभडा सांगून टाकले. सून डोळ्यांनी खुणावत होती, पण त्यांचे लक्ष कुठे होते.

तिने माझ्या डिकीत खोका ठेवून बघितला. तो सपाट बसला. "बाबा, बरोबर मावतो," ती म्हणाली आणि खोक्याच्या कडेवरून हात फिरवून हसली. "पुढे आपण दोघं, मागे चिमी. तिला शाळेत सोडून तशीच पुढे जाईन." चिमी म्हणजे तिची मुलगी.

खोटे कशाला बोलू, त्या क्षणी मलाही वाटले की हिने मला न्यावे. रोज व्हॅनिला, लोणी, भाजलेल्या पिठाचा वास, मागे बडबडणारी पोर. मग मला माझ्या हिरव्या पडलेल्या तारा आठवल्या आणि स्वतःचीच घाण वाटली. ओरडून सांगावे असे वाटत होते, पण हॉर्न वाजवायलाही मला माणसाचा हात लागतो.

"उद्या येऊन पक्कं करतो," सासरे म्हणाले. ते दोघे फाटकाबाहेर पडताच मालकाने पॉलिशवाल्याला हाक मारली. "उद्या सकाळी हिच्यात व्हॅनिला मार. भरपूर मार. केकवाली आहे, खूश होईल."

दुसऱ्या दिवशी माझी दारे बंद करून आत एवढा व्हॅनिला मारला गेला की एखाद्याला ओकारी यावी. ते दोघे आले. सासऱ्यांनी दार उघडले आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा, सूनबाई, ही तर तुझ्या ओट्यावरूनच उठून आल्यासारखी वाटतेय."

ती मात्र आत बसली नाही. दारावर हात ठेवून उभी राहिली आणि एकदा, दोनदा वास घेतला.

"दादा, व्हॅनिला कशाला मारलाय?"

"तुमच्यासाठी खास, ताई. फ्रेश वाटतं ना."

"मी रोज वापरते," ती शांतपणे म्हणाली. "केकला अंड्याचा वास येऊ नये म्हणून घालतात तो. आणि एवढा तर मी अंडं बिघडलं असतं तरी घातला नसता." तिने मालकाकडे पाहिले. "हिच्यात काय झाकलंय?"

मालक हसला, पण ते हसू काही टिकले नाही. "काय ताई, तुम्ही पण."

संध्याकाळच्या ऑर्डरसाठी घेतलेला बटरचा पुडा तिच्या पिशवीत होता. तिने तो काढला आणि अर्धा तुकडा कागदावर ठेवून माझ्या डिकीत सरकवला. उरलेला अर्धा नीट गुंडाळून पिशवीत परत ठेवला. मग तिने डिकी लावली. फार दिवसांनी ती भर उन्हात कुणी बंद केली होती.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारले.

"फ्रिजमध्ये कापलेला कांदा राहिला की बटरला कसा वास लागतो, बाबा? जवळ असेल ते सगळं उचलतं ते. तोवर आपण चहा घेऊ."

मालकाने चहा मागवला. आवारात ऊन चढत होते. बंद डिकीत स्टेपनीखालचा ओला गाळ तापू लागला आणि त्याची वाफ त्या बिचाऱ्या बटरवर बसू लागली. एरवी मला लाज वाटली असती. त्या दिवशी मी मनातल्या मनात म्हणत होते, घे बाबा, सगळे उचल.

चहा संपवून तिने डिकी उघडली तेव्हा बटर मऊ पडले होते. सासऱ्यांनी बोटाने थोडे उचलून जिभेवर ठेवले. त्यांचे तोंड असे वाकडे झाले की माझी खरी चव कळलेले हे पहिलेच गिऱ्हाईक, असे मला वाटले. ते बाजूला जाऊन थुंकले. "ओलं पायपुसणं चाटल्यासारखं लागतंय गं."

"बटरच शिळं असेल," मालक म्हणाला.

तिने पिशवीतला दुसरा अर्धा काढून त्याच्यापुढे धरला. "हे त्याच पुड्यातलं. आधी हे चाखा, मग डिकीतलं चाखा."

त्याने दोन्हींपैकी कशालाच बोट लावले नाही. मग तिने स्वतःच डिकीचा तळ उचलला आणि स्टेपनी बाजूला केली. खाली काळा गाळ होता. सासरेही आता जागे झाले. त्यांनी माझा सीटबेल्ट ओढला, ओढतच राहिले, आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ दिसली. गटाराचे पाणी जिथे थांबले होते तिथली ती रेघ. मालकाचे पितळ पुरते उघडे पडले, तरी त्याने लगेच कानावर हात ठेवले. "आम्हाला काय माहीत, आम्ही घेतली तेव्हा अशीच होती." आणि त्याच दमात त्याने माझी किंमत बरीच उतरवली.

सासरे रेंगाळले. "या भावात दुसरी कुठली मिळणार, सूनबाई? थोडं काम करून घेऊ."

"बाबा, जो वास झाकतो त्याने आणखी काय काय झाकलं असेल? हिच्यात मी चिमीला बसवणार होते." मग तिने माझ्या छपरावर हात ठेवला. "हिचा काही दोष नाही," ती म्हणाली आणि निघाली.

मला नाकारले गेले आणि मला बरे वाटले. डॉक्टरांनंतर माझ्याबद्दल खरे बोललेले ते पहिले माणूस.

काही दिवसांनी समोरच्या रस्त्यावरून एक बुटकी, फिकट निळी सेडान गेली. एका दाराला मोठा पोचा होता आणि तो कुणी लपवला नव्हता. ती चालवत होती, मागे वेणी उडवत चिमी होती आणि पुढे सासरे पांढऱ्या स्वच्छ शर्टात ऐटीत बसले होते. शर्टावर एकही डाग नव्हता. मी पहिल्या रांगेतून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

मित्रांनो, गाडी बुडते, ठोकली जाते, म्हातारी होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुमच्याकडे गाडी असेल तर तिला जपा, आणि तिचे आयुष्य संपले की ते संपले असे सरळ सांगा. मला भंगारात जाऊ द्या. वितळून माझ्या पत्र्याचा एखादा केकचा साचा झाला तर मी आनंदाने तापेन. आणि कधी जुनी गाडी घ्यायला गेलात तर गाणी नंतर ऐका. आधी डिकी बंद करून थोडा वेळ थांबा, मग उघडा, तळ उचला आणि पट्टा शेवटपर्यंत ओढा.

एवढे सांगायची घाई आहे, कारण आज सकाळी माझ्यात लिंबाचा वास मारला आहे. डिकी पुन्हा उन्हात उघडी आहे. आत्ताच एक जोडपे फाटकातून आले, कडेवर तान्हे मूल आहे. नवऱ्याने माझे दार उघडले, आत डोके घातले आणि बायकोकडे वळून म्हणाला, "अगं, वास बघ किती छान येतोय."