ताई तेवीस ठिकाणी अडली

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात त्याला सगळे किल्लेदार म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. तळघरातल्या थंडगार खोलीत, उंच कपाटांच्या चार रांगांमध्ये घरघरणारा महासंगणक गेली सतरा वर्षं त्याच्या ताब्यात होता. एवढ्या काळात तो एकदाही कोलमडला नव्हता. याचं श्रेय लोक किल्लेदाराच्या शिस्तीला देत. खरं म्हणजे तिथपर्यंत फारसं कुणी पोचतच नव्हतं. आधी चौदा पानी अर्ज, मग काळ्या पडद्यावर टाइप करायचे आदेश. एक टिंब चुकलं की पुन्हा श्रीगणेशा. भौतिकशास्त्राची मंडळी सरावलेली होती. बाकीचे उंबऱ्यावरूनच माघारी फिरत.

त्याची थोरली बहीण आयुष्यभर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी याच विद्यापीठात पक्ष्यांच्या आवाजांवर पीएच.डी. करायला लागली. गावाबाहेरच्या दलदलीत, लव्हाळ्यांत लपून राहणारा एक पाणपक्षी होता. तो दिसत जवळजवळ नाहीच, ऐकू येतो. असे किती उरलेत हे आवाजावरून शोधायचं, असं ताईनं मनावर घेतलं होतं. नऊ जागी रेकॉर्डर बांधून तिनं तीन वर्षांचं ध्वनिमुद्रण जमवलं होतं.

एका रविवारी तो तिच्याकडे चहाला गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा लॅपटॉप, खाली हवा लागावी म्हणून दोन वाट्यांवर टेकवलेला, शेगडीसारखा तापला होता. पाच आठवडे तो अखंड चालू होता आणि पहिल्या वर्षाचं ध्वनिमुद्रणसुद्धा अजून तपासून संपलं नव्हतं.

"अगं, असं कधी संपायचं? महासंगणकावर का नाही टाकत?" त्यानं विचारलं.

ताईनं फ्रीजवरच्या ढिगातून दोन कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. तिच्या अर्जांना आलेली उत्तरं होती ती. एकावर शेरा होता 'अपूर्ण'. दुसऱ्यावर 'अपेक्षित मेमरी नमूद नाही'. दोन्हींखाली त्याची सही होती. अर्जावर तिचं सासरचं आडनाव होतं, आणि नावं वाचायची त्याला सवयच नव्हती. तो फक्त रिकाम्या चौकटी शोधत असे.

"मला सांगायचंस तरी."

"भावाच्या वशिल्यानं आत शिरायचं नव्हतं मला," ताई म्हणाली. "आणि खरं सांगू? मला वाटलं, आपल्यालाच कळत नाही. तीस वर्षं पोरांना सांगत आले, समजलं नाही तर विचारा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा गप्प बसले."

तो ओशाळला. चहा गारढोण झाला. आण इकडे, दहा मिनिटांत करून देतो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यानं एकट्या ताईचं काम झालं असतं. तिच्यासारखे आणखी किती जण आपापल्या घरी लॅपटॉप तापवत बसले असतील, हे त्याच्या मनात आलं. मग त्यानं तिला दुसऱ्या दिवशी केंद्रात बोलावलं.

सोमवारी ताई पडद्यासमोर बसली आणि तो तिच्या मागे खुर्ची टाकून. अट अशी की त्यानं तोंड उघडायचं नाही; ती जिथे अडेल ते फक्त लिहून घ्यायचं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा कीबोर्ड बिघडला असं समजून ताईनं तो दोनदा उलटा करून झटकला. त्यानं ओठ चावले आणि लिहिलं. सूचनांच्या तिसऱ्या पानावर 'पुढील पायरी सर्वांना ठाऊक असतेच' असं वाक्य होतं. ते त्याचंच होतं. अडीच तासांत ताई तेवीस ठिकाणी अडली, आणि चोविसाव्या ठिकाणाच्या आधी तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

केंद्रातल्या प्रोग्रामर मुलीनं दोन वर्षांपूर्वी एक सोपं वेबपान करून त्याला दाखवलं होतं. तेव्हा त्यानं 'गर्दी होईल' म्हणून ते बाजूला सारलं होतं. त्या संध्याकाळी तो तिच्या टेबलाशी गेला, यादी तिच्यासमोर ठेवली आणि माझं चुकलं म्हणाला. ती यादी वाचत म्हणाली, "सर, यातले एकोणीस मी तेव्हाच सांगितले होते." तो म्हणाला, "मग उरलेले चार माझे."

दोन महिने दोघं त्याच कामाला जुंपले. अर्ज अर्ध्या पानाचा झाला. नव्या पानावर फाइल द्यायची, काय करायचं ते निवडायचं, बटण दाबायचं. मेमरी किती लागेल याचा अंदाज यंत्रच बांधायचं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तावातावानं आले: आमची कामं मागे पडणार. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. मग किल्लेदारानं, पेटीत मोठे डबे ठेवून मधल्या फटींत वाट्या बसवाव्यात, तशी मोठ्या कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात छोटी कामं बसवली. महिनाभर आकडे पाहून प्राध्यापक नुसतेच "ठीक आहे" म्हणाले. त्यांच्या मानानं ते कौतुकच होतं.

ताईनं सकाळी काम लावलं आणि संध्याकाळच्या चहापर्यंत तीन वर्षं तपासून झाली. पक्ष्याच्या चार हजार हाकांची नोंद मिळाली. ती हरखून गेली, मग तिच्या कपाळाला आठी पडली. त्यातल्या बहुतेक हाका एकाच रेकॉर्डरवर, रोज सकाळी सात ते आठ. हेडफोन लावून तिनं दहा-बारा ऐकल्या आणि पोट धरून हसायला लागली.

"अरे, हे त्या रेकॉर्डरजवळच्या पंपघराचं फाटक आहे. बिजागरी करकरतेय. घरी चालवलं असतं तर हे मला वर्षानं कळलं असतं. तोवर मी फाटकावर प्रबंध लिहून मोकळी झाले असते."

फाटक वगळून तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा काम लावलं. उरल्या सहाशे बारा हाका, बहुतेक उत्तरेच्या कोपऱ्यातल्या, उजाडतानाच्या. थोड्या, पण खऱ्या.

आता दर गुरुवारी दुपारी केंद्राचं दार उघडं असतं. जुने नकाशे जुळवणारा इतिहासकार येतो, जखमा भरण्यावर काम करणारी परिचारिका येते. किल्लेदार त्यांच्या मागे वही घेऊन बसतो. त्याच्या यादीत आता एक्केचाळीस नोंदी झाल्यात, त्यांतल्या नऊ अजून सुटायच्या आहेत, आणि त्या कशा सोडवाव्यात यावर प्रोग्रामर मुलीशी त्याचं रोज भांडण होतं. त्याला ते भांडण आवडतं.