फाटक्या कानाची टापीर

मित्रांनो, मी डुक्कर नाही आणि बुटका हत्तीही नाही. शाळेची गाडी आली की या दोन नावांनी माझं बारसं होतं, म्हणून आधीच सांगते. मी निकाराग्वाच्या डोंगरातली, पानंफळं खाणारी एक म्हातारी टापीर आहे. नाक जरा लांब आहे, त्याला माझा इलाज नाही.

मी पिल्लू असताना शिकारी कुत्र्यांनी माझ्या आईला नदीकाठी गाठलं. आई गेली. माझा डावा कान फाटला. फुल्हेन्सिओ नावाच्या कॉफीच्या मळेवाल्याने मला कॉफीच्या पोत्यात घालून घरी आणलं आणि बाटलीने दूध पाजलं. पुढे त्यांच्याकडे जखमी माकडं आली, पंख मोडलेले पोपट आले आणि मळ्याचं प्राणिसंग्रहालय झालं. आता ते त्यांची मुलगी ऑरेलियाबाई चालवते. या घराने स्वतःच्या ताटातलं काढून आम्हाला वाढलं आहे. अशी माणसं विरळाच.

दर गुरुवारी शाळेची मुलं येतात आणि थेट जॅग्वारकडे पळतात. माझ्या वाट्याला एवढंच येतं, "ई! ही पाण्यातच शी करते!" ऑरेलियाबाई मात्र माझ्याच शेणातून उगवलेली रोपं प्रत्येकाच्या हातात ठेवते.

"नाकं मुरडू नका रे. डोंगरावरची कितीतरी झाडं हिच्या आईआज्यांनी अशाच शेणातून बिया पसरून लावलीत. तुम्ही आजवर किती लावलीत?"

मग सगळे रोप दोन्ही हातांनी जपून धरतात. मला फार बरं वाटतं.

यंदा माझी लेक चिस्पा तीन वर्षांची झाली. तिला नदीपलीकडच्या जंगलात सोडायचं ठरलं. आनंद झाला आणि भीतीही वाटली. जंगलाची वाट गावावरून जाते आणि गावात घरोघर शिकारी कुत्री आहेत.

एका गुरुवारी ऑरेलियाबाईने मुलांना हे सांगितलं आणि घरची कुत्री बांधून ठेवायला विनवलं. बाकीचे पांगले, पण योर्लेनी नावाची एक मुलगी माझ्यापाशीच रेंगाळली.

"बाई, माझ्या पप्पांची तीन कुत्री आहेत. एकदा सुटली की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत."

ऑरेलियाबाई रागावली नाही. तिने योर्लेनीचं बोट धरून माझ्या कानाच्या खाचेत ठेवलं.

"हे कुत्र्यानं केलं?"

"हो."

मुलीने खाचेवरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाली, "किती दिवस बांधायची?"

"आठ. तोवर चिस्पा वर डोंगरात पोचेल."

"पप्पा शिव्या घालतील."

"घालतीलच. तू गाठ घट्ट मार."

योर्लेनीने वर्गाला दम भरला, "ऐकलंत ना? ज्याचं कुत्रं सुटेल त्याच्याशी माझी कायमची कट्टी!"

ठरल्या दिवशी सकाळी चिस्पाला नेलं. मी कुंपणाला नाक लावून उभी राहिले. थोड्या वेळाने तिचा वास लागला असावा, कारण गावातली कुत्री एकदम पेटली. मोकळ्या कुत्र्याचं भुंकणं सरकत जातं. आईच्या वेळचं ते मी विसरलेले नाही. मी फाटका कान टवकारला. भुंकणं सरकलं नाही. चर्चजवळचं चर्चजवळ राहिलं, विहिरीजवळचं विहिरीजवळ. आठही दिवस ते जागचं हललं नाही. एवढ्याएवढ्या मुलांनी अख्खं गाव दाव्याला बांधून ठेवलं होतं!

नवव्या दिवशी योर्लेनी आली. तळहात दाव्याने सोलून निघाले होते.

"पप्पा दावं सोडायला आले होते, बाई. मी दाव्यावरच बसून राहिले. म्हणाले, ऊठ. म्हटलं, आधी त्या म्हातारीचा कान बघून या, मग उठते."

"मग?"

"आणलंय त्यांना. फाटकाबाहेर उभे आहेत. लाजताहेत."

ते आत आले. टोपी काढून माझ्या कानाकडे बघत राहिले. मग लेकीचे सोललेले हात हातात घेतले.

मित्रांनो, तुमच्या रानात टापीर नसेल. पण कुणाची तरी लेक तिथे वाट काढत असेलच. तेवढं आपल्या दारचं कुत्रं बांधा. आणि गाठ एकदा ओढून बघा.