दोरीला हात

"काय रे सत्यवान, आज माझ्या सोबतीक चलूक इलंस?"

मागून शेवंतीकाकींचा आवाज आला आणि सत्यवानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकी, मी धावतंय," तो धापा टाकत म्हणाला.

"असां? मगे धाव बाबा, धाव." सत्तरीच्या काकी डोक्यावर रिकामी पाटी घेऊन किनाऱ्याने रापणीकडे चालल्या होत्या. त्यांना मागे टाकायला सत्यवानला चांगलाच जोर लावावा लागला.

सत्यवान हायस्कुलात शिपाई. वय एक्कावन्न. गेली वीस वर्षं हा गडी रोज सकाळी अनवाणी, वाळूच्या टोकापर्यंत धावत होता. तिथे रापण, म्हणजे सगळ्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, लागली असेल तर दोरी ओढायला लागायचा. वाडीचा नियम साधा होता. जाळ्याची खोळ किनाऱ्याला टेकण्याआधी ज्याचा हात दोरीला लागला, त्याला माशांचा वाटा. हात नाही तर वाटा नाही, मग तो सरपंच का असेना. मासे काय, बाजारातही मिळतात. पण "सत्यवान कधी चुकाचो नाय" असं लोक म्हणायचे, त्याची चव बांगड्याला नव्हती.

दसऱ्याला एका मेलेल्या शिंगाळ्याने दावा साधला. वाळूत पडलेल्या त्या माशाचा काटा टाचेत घुसला आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली, ती वाडीने फारच मनावर घेतली. कोणी घावणे आणले, कोणी खापरोळ्या. बायको सुभद्रा तर "ताकद येऊक व्हयी" म्हणत वाटीवाटीने तूप वाढायची. सत्यवान आडवा पडून मनातल्या मनात रोज धावत होता. तेवढं पुरेल असं त्याला वाटलं होतं.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला आणि आज तो पहिल्यांदा निघाला. शाळेच्या कुंपणापर्यंत झकास. सुरूच्या बनापाशी छातीचा भाता झाला. पोट पुढे, पाय मागे, अशी वरात निघाली. समोर रापण निम्म्याहून जास्त ओढून झाली होती. आज चुकलं तर उद्याही चुकेल, या विचाराने त्याला खरोखर भीती वाटली.

तो पोचला तेव्हा खोळ गुडघाभर पाण्यात होती. त्याने झडप घालून दोरी धरली. पुढे उभं राहून रापण चालवणाऱ्या भाई नाखव्यांनी मानही वळवली नाही.

"इलंस?"

"इलंय. सहा आठवडे बसलंय, तरी गाठलंय बघा."

"गाठलंस खंय? आमी दोरी सैल सोडून उभे होतंव."

"पायाक काटो लागलो म्हणान आज थांबलास तुमी."

"आज?" भाईंनी आवाज खाली आणला. "दोन वर्सां झाली, सत्यवान. तू कुंपणाकडे दिसलंस की मी म्हणतंय, जरा दम घेवया. सगळ्यांका ठावक आसा. तुका सांगूचा नव्हता. धावताना बरो दिसतंस."

सत्यवानचे कान तापले. वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं. दोन वर्षं तो ज्या गोष्टीवर मिशीला पीळ भरत होता, ती पंचवीस माणसांनी गुपचूप सांभाळली होती. मग त्याचं त्यालाच हसू आलं. एवढ्या बोलक्या वाडीत हे गुपित टिकलं कसं?

त्याने मागे पाहिलं. शेवंतीकाकी लुगडं खोचून, एका हाताने पाटी धरून झपाझप येत होत्या. अजून बरंच अंतर होतं. काकी रोज वेळेत कशा पोचतात, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता.

सत्यवानने दुखरी टाच वाळूत रोवली.

"भाई, आज जड लागता," तो मोठ्याने म्हणाला. "जरा दम घेवया."

दोरी सैल झाली. काकींचा हात तिला लागेपर्यंत सगळे समुद्राकडे बघत उभे राहिले.