चंपाबाईचा डिफेंडर

डिलाईल रोडच्या त्या चाळीत फळ्यावर नाव लागलं नाही, तर माणसानं काय कमावलं नि काय नाही, कुणी विचारत नाही. जिन्याखाली मंडळाचा काळा फळा, आणि बापजाद्यांची इस्टेट असल्यासारखा त्याच्यावर हक्क जगदीशभाऊचा. बेस्टमधून रिटायर झालेला कंडक्टर, अक्षर देखणं. कुणी दहावी पास झालं, कुणी पोलिसात लागलं की हा रंगीत खडू काढणार आणि 'हार्दिक अभिनंदन' लिहून मोकळा. कॅरममध्ये दुसऱ्या आलेल्याचंही नाव लागलंय तिथं, बोला!

लागत नव्हतं ते चंपाबाईच्या राजरत्नाचं. परळच्या हॉस्पिटलात आयाबाईचं काम करून तिनं एकटीनं पोराला वाढवलं. पोरगा क्लबांतून देशभर फुटबॉल खेळला, टीव्हीवर दिसला. आणि चाळ काय विचारणार? "चंपाताई, गोल किती मारले?"

"डिफेंडर आहे तो. समोरच्याचे गोल अडवतो."

"ते झालं गं. पण मारले किती?"

आता ह्यांच्यापुढे कुठं डोकं आपटायचं!

एकदाच नाव लागलं, आणि लागलं नसतं तर बरं झालं असतं. सकाळच्या पेपरात गोल करणाऱ्यांमध्ये राजरत्नाचं नाव छापून आलं. जगदीशभाऊ बनियनवरच खाली धावला. फळाभर गुलाबी खडू: 'आपल्या चाळीचा वाघ राजरत्न याने गोल केला!' फटाक्यांची माळ लागली, घरोघरी पेढे गेले. संध्याकाळी राजरत्नाची धाकटी बहीण नम्रता ऑफिसातून आली, फळा वाचला आणि तिनं कपाळावर हात मारला.

"काका, अहो तो सेल्फ गोल आहे! दादाने आपल्याच जाळ्यात घातलाय. त्याच्यामुळे हरले ते."

चाळ आठवडाभर पोट धरून हसत होती. जगदीशभाऊनं स्वतःच्या रुमालानं फळा पुसला. राजरत्नाचा फोन आला तेव्हा तोही हसला. "आई, मला एखादा पेढा ठेवलास की नाही?" हसला खरा, पण लगेच फोन ठेवून दिला, आणि त्यातलं काय ते आईला कळल्याशिवाय राहतं होय? पेढा तर तिनं रागारागात एकही घरात ठेवला नव्हता. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, पोराचं नाव ह्याच फळ्यावर लागायला पाहिजे, आणि ते मानानं.

वर्षं गेली. राजरत्नाचे गुडघे बोलायला लागले. गोव्यातली लीगची ही मॅच शेवटची, असं त्यानंच फोनवर सांगितलं. म्हणजे चंपाबाईलाही हा शेवटचाच चान्स. मंडळानं चौकात मोठा पडदा लावला. निळी साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसली. नम्रतानं सगळ्यांना बजावलं, "बरोबरी झाली तरी कप दादाच्या टीमचा. गोल खायचा नाही, बस्स."

पण चाळीला धीर कुठला? "अरे, पुढे जा, मारा की!" जगदीशभाऊ मागून ओरडत होता.

चंपाबाई गर्रकन वळली. "भावजी, बॉल बघू नका. माझ्या पोराचे पाय बघा."

आणि मग चाळ पहिल्यांदा पाय बघायला लागली. बॉल यायच्या आधी हा गडी तिथं उभा. धावाधाव नाही, धडपड नाही. बाकीचे डिफेंडर घसरून बॉल काढत होते, हा उभ्यानेच काढत होता. ही चंपाबाईची करणी. ह्याच चौकातल्या सिमेंटवर तो लहानपणी खेळायचा, आणि शाळेची चड्डी एकच. "घसरून फाडून आणलीस तर तशीच घालून शाळेत पाठवीन," तिनं दम दिला होता. एकदा खरंच पाठवलं. त्यानंतर पोरगा जमिनीला टेकला म्हणून नाही. मोठमोठे कोच डोकं धरून बसले. एका कोचचं ऐकून एकदाच घसरला, आणि तोच तो सेल्फ गोल.

मॅच संपत आली आणि घात झाला. समोरचा फॉरवर्ड सगळ्यांना चुकवून सुटला. गोलकीपर पुढे आला, तोही मागे पडला. आता जाळ्यासमोर राजरत्न एकटा.

"घसर! अरे घसर!" अख्खा चौक ओरडला.

चंपाबाई खुर्चीवरून उठली. "पडू नको राजा! उभा राहा!"

फॉरवर्डनं डावीकडे हूल दिली, उजवीकडे दिली. राजरत्न पडला नाही. एकेक पाऊल मागे सरकत राहिला, तोंड त्याच्याकडे, नजर बॉलवर. त्या फॉरवर्डचाच धीर सुटला, बॉल त्याच्या पायापासून जरासा लांब गेला. बाळाच्या मुठीतून चमचा काढून घ्यावा, तसा राजरत्नानं तो अलगद काढून घेतला. शिट्टी वाजली. शून्य-शून्य. कप आपला!

चौकात कोण कुणाला मिठी मारतंय, पत्ता नव्हता. पडद्यावर माईकवाल्यानं राजरत्नाला विचारलं, "आप कभी गिरते क्यों नहीं?"

"गिरता तो घर पे मार पड़ती," तो हसला. मग कॅमेऱ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "आई, बघ, नाही फाटली चड्डी."

सगळा चौक हसला. चंपाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडली. अभिमानानं ऊर फुटायची वेळ आली होती तिची.

जगदीशभाऊ खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभा होता. जुनी चूक अजून डोक्यात. "चंपाताई, लिहू काय? गोल तर झालाच नाही."

"मग तेच लिहा की."

त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं: 'आज गोल झाला नाही. राजरत्नाचं हार्दिक अभिनंदन.' जरा थांबला, आणि कुणी न सांगता खाली आणखी एक ओळ घातली: 'आणि त्याच्या आईचंही.'

पेढ्यांचा बॉक्स आला. सगळ्यांचे हात पुढे झाले तशी चंपाबाईनं बॉक्स आपल्याकडे ओढला. पहिला पेढा काढून पदराच्या टोकाला बांधला.

"थांबा सगळे," ती म्हणाली. "हा माझ्या पोराचा. मागच्या वेळचा राहिलाय त्याचा."