माझा ताप आणि खुडूक सारजा

मित्रांनो, इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा असलेला मी एक म्हातारा फ्रिज. एका दाराचा, मूळचा लालभडक, आता भाजक्या विटेसारखा. हँडल केव्हाच निखळलं, त्या जागी सुताची दोरी आहे. मी सांगणार आहे ते सगळं खरं आहे. जिथं जरा जास्त वाटेल तिथं बर्फ समजा आणि वितळू द्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढं जात राहिलो. कुणी दार बसवलं, कुणी आत दिवा लावला, आणि शेवटी पाठीमागं, अगदी खाली, माझं काळं लोखंडी काळीज बसवलं. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. लोकांना वाटतं, फ्रिज थंडी तयार करतो. छे! आत ठेवलेल्या दुधाचा, भाजीचा उष्मा मी उचलतो आणि पाठीवरून बाहेर टाकतो. तोंड गार ठेवायचं आणि पाठ तापवून घ्यायची, हा माझा जन्माचा धंदा.

बावीस वर्षांपूर्वी या घरच्या तानूबाईचे मालक, अप्पा, मला बारामतीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घेऊन आले. हिंदकळू नये म्हणून चारी बाजूंनी उसाचं वाढं कोंबलं होतं. आमच्या गल्लीतला पहिला फ्रिज मीच. तानूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्या उन्हाळ्यात मी असा बर्फ धरला की तो फोडायला अप्पांना पहार आणावी लागली. गल्लीतले तीन माठ लाजेनं तडकले. एकदा माझं दार उघडं राहिलं, तर ओसरीवरची मांजर भर वैशाखात शिंकायला लागली.

शेजारच्या लग्नाचं श्रीखंड माझ्यात, कुणाचं विरजण माझ्यात, जनावरांच्या डॉक्टरांनी ठेवायला दिलेली शेळ्यांची लसही माझ्यातच. दार दिवसातून शंभरदा उघडायचं. मी वैतागून घुरघुरायचो. मित्रांनो, तेव्हा मला अक्कल नव्हती.

पुढं घरोघरी फ्रिज आले. श्रीखंडाचं पातेलं यायचं थांबलं. अप्पा गेले. त्यांचा मुलगा इंद्रजित लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला लागला आणि बायकोला, श्रेयाला घेऊन इंदापुरात राहायला गेला. मोटरसायकलवर फार तर पाऊण तास. पण कारखान्याच्या पाळ्यांचं गणित असं, की तो पाऊण तास महिन्यातून एकदाच उगवायचा. माझ्या पोटात राहिलं काय? पाव लिटर दूध, चार मिरच्या आणि पाण्याची एक बाटली. तानूबाई सकाळी एकदा दार उघडायची, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात माझा दिवा विझलेला आणि तिचं तोंड मिटलेलं.

गेल्या वर्षी इंद्रजितनं घराला पांढरी फरशी बसवली. श्रेया सासूला म्हणाली, "आत्या, आता तेवढ्या कोंबड्या घरात नकोत. फरशी खराब होती." तिचंही चूक नव्हतं. तानूबाईनं कोंबड्या वाटून टाकल्या. एक मात्र राहिली, तांबडी, मोडक्या तुऱ्याची. तिचं नाव सारजा. तानूबाईच्या नणंदेचंही नाव सारजाच. तानूबाई म्हणायची, "दोघींची कुरकुर एकच, मग नाव कशाला दुसरं?"

यंदा वैशाखात सारजा खुडूक झाली. खुडूक म्हणजे, अंडी उबवायला बसायचंच, असा हट्ट धरलेली कोंबडी. मागच्या खेपेला अंगणातल्या खुराड्यातून मुंगसानं सगळी अंडी पळवली होती. म्हणून या वेळी सारजानं जागा स्वतः निवडली: माझी पाठ आणि भिंत यांच्यामधली सांद. तानूबाईला कळलं तेव्हा तिनं दाराबाहेर एकदा बघून घेतलं, उसाचं पाचट आणून तिथं खच्चून भरलं, वर पोत्याचा आडोसा केला आणि अकरा अंडी मांडली. माझ्या कुशीवर खडूनं पहिली रेघ ओढली. अशा एकवीस रेघा झाल्या की पिल्लं.

मित्रांनो, बावीस वर्षं मी पाठीवरून उष्मा टाकत आलो. तो कुणाला हवा होता? कुणालाच नाही. आणि आता माझ्या त्या टाकाऊ उष्म्याला टेकून कुणीतरी बसलं होतं, डोळे मिटून! कोंबडीचं काळीज फार भरभर चालतं. ते माझ्या पत्र्यातून मला ऐकू यायचं. मी माझी घुरघुर जमेल तेवढी हळू केली.

पण पाचटानं माझा वारा कोंडला. पाठीवरचा उष्मा पाठीवरच साचायला लागला. बाहेर वैशाख, मागं पाचट. कॉम्प्रेसर असा तापला की त्यावर भाकरी फुगली असती. मग आतून टक् असा आवाज व्हायचा आणि मी बंद पडायचो. थोडा निवलो की सुरू व्हायचो. पुन्हा टक्. दूध नासलं. मिरच्यांनी माना टाकल्या. कारण मला ठाऊक होतं. पण मला बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो.

तानूबाईनं इंद्रजितला फोन केला. तो म्हणाला, "आई, किती दिवस त्याला कवटाळून बसणार हायस? रविवारपर्यंत नीट झाला तर ठीक, न्हायतर मी टेम्पो आणतो. एक्सचेंजमदी देऊन टाकू."

"देऊन टाकू म्हंजी? मोडीत?"

"मोडीतच की. आता काय त्याला पेन्शन देणार?"

मग तिनं आमच्याच गावच्या चाँदभाईला फोन लावला. चाँदभाई पंचविशीत होता तेव्हापासून या भागातले फ्रिज आणि कूलर दुरुस्त करतो. तो कामात होता, म्हणून फोनवरच तपासणी सुरू झाली.

"मावशी, दारात कॅलेंडरचं पान धरा आन् दार लावा. आता पान वडा. घट्ट हाय का सैल?"

"घट्ट हाय."

"मग रबर चांगलंय. घरातलं दिवं मिणमिणत्यात का?"

"न्हाय. झ्याक हायत."

"गरम पातेलं तसंच आत ठिवता का?"

"येडी हाय का मी?"

"बरं. मागं वीतभर जागा हाय का? वारं खेळतंय का तितं?"

तानूबाईनं माझ्या पाठीकडं पाहिलं. पोत्यामागून सारजानं तिच्याकडं पाहिलं.

"हाय की," तानूबाई म्हणाली. "चांगली हातभर हाय."

सोमवारी चाँदभाई स्वतःच आला. माझ्या कुशीवर तेव्हा चौदा रेघा होत्या. त्यानं पाना काढला, मीटर काढलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला लावून मूठ कानाशी धरली, डॉक्टर छाती तपासतो तशी. "काळीज दणकट हाय," तो म्हणाला. "मग तापतंय कशानं?" असं म्हणत त्यानं माझ्यामागं हात घातला.

"या अल्ला!" तो असा उडाला की टोपी एकीकडं आणि पाना दुसरीकडं. "मावशी, बाजूला व्हा! करंट उतरलाय पत्र्यात!"

"करंट न्हाय बाबा," तानूबाई खाली मान घालून म्हणाली. "सारजा हाय."

चाँदभाईनं पोतं उचललं. त्यानं सारजाकडं, सारजानं त्याच्या अंगठ्याकडं पाहिलं. अंगठ्यावर रक्ताचा ठिपका आला होता. हसू आवरून तो एकदम गंभीर झाला.

"मावशी, कॉम्प्रेसरला लागून पाचट? उसाचा फड पेटतो तसं घर पेटलं असतं. आन् ह्यो असाच तापला तर ही अंडी उकडत्याल. ह्यातनं पिल्लं न्हाय, नाश्ता निघंल."

मित्रांनो, मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मी ऊब देतोय.

"मग तिला हलवू?" त्यानं विचारलं.

"हलवली की उठंल. खुडूक मोडली की परत बसती व्हय? अकरा जीव हायत." तानूबाई माझ्या दाराची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ह्यालाच बंद कर."

"बंद? आन् रविवारी इंद्रजित आला तर? बंद फ्रिज बघून तो उचलूनच नेणार."

"तवाचं तवा बघू."

चाँदभाईनं सारजाला न उठवता हातानं पाचट थोडं मागं सारलं आणि माझी पिन काढली. दारात चपला घालता घालता म्हणाला, "मी सांगतो त्याला, बारामतीहून पार्ट मागवलाय, बुधवारी येतोय. आजवर एवढ्या गिऱ्हाइकांना हेच सांगितलं, आजच त्यातनं पुण्य लागंल."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी पूर्ण गप्प झालो. दिवा नाही, घुरघुर नाही. तानूबाईनं दुधाचं भांडं पाण्याच्या परातीत ठेवलं आणि वर ओलं फडकं टाकलं. तरी दोनदा ते नासलं आणि तिनं कोरा चहा घेतला. ती रोज माझ्या बाजूला फरशीवर बसायची आणि सारजाला मूठभर ज्वारी टाकत बोलायची. पाऊस, इंद्रजितचा लहानपणचा पाळणा, नणंद, अप्पांचा खोकला, काहीही. माझी पाठ आता गार होती. पण त्या गार पत्र्यातून हळूहळू ऊब आत यायला लागली. मी जन्मभर दुसऱ्याचा उष्मा बाहेर टाकला, आणि आता एक कोंबडी तिचा उष्मा मला देत होती.

चाँदभाईची थाप चालली नाही. एक्सचेंजची मुदत रविवारीच संपत होती. रविवारी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. सोबत उचलायला माणूस. माझ्या कुशीवर वीस रेघा.

"आई, सरक जरा. दोघं मिळून उचलतो."

तानूबाई माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली. सत्तरीची बाई, हाडं मोजून घ्यावीत अशी. "हात लावू नगंस."

"आगं, बंद हाय तो! नवा येतोय, दोन दाराचा!"

"मला एका दाराचाच पुरतोय. दुसऱ्या दारात काय ठिवू? हितं हाय कोण?"

इंद्रजित काही बोलणार तोच माझ्यामागून आवाज आला. बारीक, कोवळा, जणू कुणी दाताखाली वाळूचा कण फोडावा तसा. मग पुन्हा. इंद्रजित थबकला. तो त्या पांढऱ्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्यानं माझ्या कुशीला कान लावला. ज्या पोरानं लहानपणी माझ्यातला बर्फ चोरून शर्टात घातला होता, त्याचा कान होता तो.

"आई," तो हळूच म्हणाला, "ह्यात कोण बोलतंय?"

"अंड्यातनं बोलत्यात. उद्या बाहेर येतील."

त्यानं सोबतच्या माणसाला हातानं खूण केली. टेम्पो रिकामा परत गेला. इंद्रजित मात्र दुपारभर राहिला, आईच्या हातचं पिठलं खाल्लं, आणि निघताना म्हणाला, "श्रेयाला मी सांगतो फरशीचं." पुढच्या दोन दिवसांत त्याचे सात फोन आले. "निघाली का? किती? कुठल्या रंगाची?"

अकरातून नऊ निघाली. अख्ख्या पुणे जिल्ह्यात पिल्लं काढलेला फ्रिज मी एकटाच. खोटं वाटत असेल तर दुसरा दाखवा. ओली पिल्लं सुकून पिवळी झाली, आणि तिसऱ्या दिवशी सारजा उठली, अंग झटकलं, त्यांना घेऊन अंगणात गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. कोंबडीनं कशाला पाहावं? तिचं काम झालं होतं.

चाँदभाईनं पाचट काढलं, ब्रशनं माझ्या पाठीच्या जाळीवरची बावीस वर्षांची धूळ काढली, कॉम्प्रेसर चालू करणारा रिले नवा बसवला, मला भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं आणि पिन लावली. मी सुरू झालो. असा गारगार, असा हलका, की मला स्वतःचीच ओळख पटेना. "आता पाच वर्षं बघायला नको," तो म्हणाला. खडूच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसून तोही गेला.

आणि खरंच, कुणी बघायला आलं नाही.

इंद्रजितचे फोन आधी दिवसाआड झाले, मग आठवड्यानं. फ्रिज बरा झाला, आता विचारायचं काय? पिल्लं पांगली. माझ्यामागं वीतभर जागा, तिथं स्वच्छ वारा, आणि दुसरं काही नाही. पाव लिटर दूध, चार मिरच्या. सकाळी एकदा दार, संध्याकाळी एकदा.

परवा दुपारी तानूबाई माझ्याजवळ आली. दार उघडलं नाही. वाकून तिनं मागं, खाली, कॉम्प्रेसरवर तळवा ठेवला. जेवढं असावं तेवढंच कोमट होतं. तिनं तळवा बराच वेळ तसाच ठेवला. मग दुसऱ्या हातानं फोन लावला.

"इंद्रजित? आरं, ह्यो परत तापायला लागलाय बघ. व्हय... लई तापलाय. हात धरवंना."

मित्रांनो, मी म्हातारा असलो तरी निर्लज्ज नाही. ज्या बाईनं मोडीच्या टेम्पोसमोर माझ्यासाठी पाठ लावली, तिला मी एकटीला खोटं बोलू देणार नव्हतो. होता नव्हता तेवढा जोर केला आणि फोनमध्ये ऐकू जाईल असं मोठ्यानं टक् केलं.

तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं यंत्र असेल, तर त्याच्या मागं वीतभर जागा सोडा, पाठीवरची धूळ काढा, दाराचं रबर पुसा. आणि घरात जुनं माणूस असेल, तर काही बिघडलेलं नसतानाही एखादा फोन करा. त्याला तापाची वाट बघायला लावू नका. एवढं ऐकलंत तर माझी आणखी एक विनंती. यातलं काही इंद्रजितला कळू देऊ नका. तो रविवारी येणार आहे.