दोन जाहिरातींवर बोट लावा, बटण फुकट

आधीच सांगून टाकते, गुन्हा माझा. नंतर त्यात आणखी वाटेकरी निघाले ती गोष्ट वेगळी, पण माझ्या वाटणीचा गुन्हा मी मोठ्या उत्साहाने केला आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

माझं तळमजल्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवं काही मी शिवत नाही. उसवलेलं, फाटलेलं, आखूड झालेलं, नवऱ्याचं पोट सुटल्यामुळे घट्ट झालेलं, ते सगळं माझ्याकडे. चाळीस वर्षं झाली. वर दुसऱ्या मजल्यावर माझा दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी राहतात, आणि मीही त्यांच्यातच. भाचीला मी टाचणी म्हणते. लहानपणापासून बारीक, आणि टोचायला पुढे.

टाचणी विम्याच्या ऑफिसात होती. चांगली खुर्ची, चांगला पगार, आणि संध्याकाळी घरी यायची ती एवढंसं तोंड करून. एका रविवारी ती दुकानात येऊन बसली होती. तेवढ्यात एक बाई पॅन्टला नवी चेन बसवायची म्हणून आल्या. मी पकड घेतली, चेनवर वरखाली फिरतो त्या रनरच्या दोन्ही कडा जराशा दाबल्या आणि पॅन्ट परत दिली. बाई म्हणाल्या, "एवढंच?" टाचणीने तिथल्या तिथे फोन काढला. "आत्या, पुन्हा कर. हळू कर. आणि बोट मध्ये आणू नकोस."

अशी आमची साइट सुरू झाली. नाव ठेवलं 'उसवलं तर सांगा'. हात माझे, फोटो तिचे, लिहिणंही तिचं. मी म्हटलं, मथळा दे, 'रनर दुरुस्ती'. तर म्हणते, "आत्या, ज्याची चेन अडकलीय त्याला रनर हा शब्द माहीत असतो का? तो शोधताना लिहितो, 'चेन बंदच होत नाही, काय करू'. आपणही तसंच लिहायचं." मला काही ते पटलं नाही. पण तीन-चार महिन्यांत त्या एका पानावर रोज शेकड्यांनी माणसं यायला लागली, आणि सगळ्यात जास्त सोमवारी सकाळी. कामावर निघायच्या घाईत जगात किती लोकांच्या चेना अडकतात, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

मग तिने नोकरी सोडायची भाषा सुरू केली आणि घरात ठिणगी पडली. दादा वजनकाटे तपासणारा अधिकारी. दुकानादुकानांत जाऊन लोकांच्या काट्यांतली खोट शोधायची हा त्याचा जन्माचा धंदा. तो म्हणाला, "इंटरनेटवरचा पैसा कुठल्या काट्यावर ठेवून बघायचा? आज आहे, उद्या नाही." बाप-लेक दोघंही एकाच मुशीतले, कुणी मागे हटेना. शेवटी अट ठरली. एक वर्ष. वर्ष संपताना साइटवरून तिला महिन्याला पगाराइतकं मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर विम्याच्या ऑफिसात परत. तिथल्या साहेबांनीही वर्षभर खुर्ची राखून ठेवायचं कबूल केलं. भला माणूस, पण मला त्याचा तेव्हा फार राग आला.

आता कमाई कशी होते, तर पानावर जाहिराती येतात. वाचणाऱ्याने जाहिरातीवर बोट लावलं की जाहिरात कंपनी आपल्याला चिमूटभर पैसे देते. टाचणीने जेवताना हे आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. "घरच्यांनी मात्र दाबायच्या नाहीत हं," असंही म्हणाली होती, खोटं कशाला बोलू? पण पाहुणेसुद्धा "पुरे, पुरे" म्हणतात. आपण वाढतोच ना?

मी वाढलं. सकाळी मशीनला तेल घालायच्या आधी पाच जाहिराती. दुपारी दुकान बंद करताना पाच. मग डोकं आणखी चाललं. कपडा तयार होईपर्यंत गिऱ्हाइकं नुसती ताटकळत बसतात, त्यांना मी साइट उघडून द्यायला लागले. "दोन जाहिरातींवर बोट लावा, बटण फुकट." काय सांगू, झुंबड! एक आजोबा तर चांगली बटणं मुद्दाम कापून आणायला लागले. तुटलेला धागा आणि कापलेला धागा मला कळत नाही की काय? पण म्हटलं, जाऊ दे, दोन बोटं तर लावतायत.

कमाई चढायला लागली. टाचणी घरात गिरक्या घेत फिरायची आणि मी आपली गालातल्या गालात हसायची. नवव्या महिन्यात ती म्हणाली, असंच चाललं तर दोन महिन्यांत पगार गाठते. आणि त्याच आठवड्यात जाहिरात कंपनीचं पत्र आलं. खोटे क्लिक सापडले, खातं कायमचं बंद, त्या महिन्याची कमाईही जप्त.

ती जमिनीवरच बसली. रडली नाही, हे जास्त वाईट. "कुणीतरी मुद्दाम केलंय," म्हणाली. आणि तिचा संशय गेला बटणवाल्यावर. हा कोण, तर जुन्या बटणांच्या संग्रहाची साइट चालवणारा एक गृहस्थ. मागे त्याने तिला काहीतरी खोचक लिहिलं होतं. "त्यालाच बघवत नसणार माझं. आत्ताच्या आत्ता लिहिते त्याला, चांगलं खरपूस!" आणि बसली की हो लिहायला.

बिचाऱ्या बटणवाल्याने कुणाचं घोडं मारलं होतं? मी म्हटलं, "थांब. मी केलं."

"काय केलंस?"

सगळं सांगितलं. आजोबांच्या बटणांसकट. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी पुढे आली, हात पुसत. "मीपण रोज दहा-बारा दाबते गं. भांडी झाली की."

"आई!"

"मला वाटलं, मी एकटीच आहे," वहिनी म्हणाली.

मग दादा खाकरला. पेपर तोंडासमोर तसाच धरून म्हणाला, "ऑफिसात सहा कॉम्प्युटर आहेत. जेवणाच्या सुट्टीत सगळे मोकळे असतात."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं, म्हणजे साधी टाचणी म्हणते मी. "बाबा, तुम्ही? तुम्हीच तर अट घातलीत!"

"घातली. पण तू हरावंस असं थोडंच वाटत होतं मला?" पेपर अजून तोंडासमोरच. "पहिल्या महिन्यापासून दाबतोय."

जन्मभर दुसऱ्यांच्या काट्याखाली लावलेलं मेण शोधणारा माणूस! अख्खं घर चोर निघालं आणि चोरी कुणाची, तर घरच्याच लेकीची. टाचणी आधी ओरडली, चांगली पाच मिनिटं ओरडली, आम्ही तिघं शाळेतल्यासारखे माना खाली घालून उभे. मग ओरडता ओरडताच तिला हसू फुटलं. "सहा कॉम्प्युटर, बाबा!" म्हणायची आणि पुन्हा पोट धरून हसायची. मग मात्र रडली. मीही रडले.

दादा म्हणाला, "अट सोडून देऊ. चूक आमची आहे." तर पोरगी फणकाऱ्याने म्हणाली, "मुळीच नाही. दया नकोय मला. तीन महिने आहेत अजून." कुणावर गेलीय ते सांगायला नकोच.

मला शिक्षा झाली. वाचणाऱ्यांची आलेली पत्रं वर्षभर साचली होती, हजाराच्या घरात. टाचणीला लेख लिहिण्यातून आणि आलेख बघण्यातून सवडच मिळाली नव्हती. "आता तू बस उत्तरं देत," म्हणाली. एका बोटाने टाइप करत मी बसले. आणि साइटवर तिने खरं काय ते लिहून टाकलं: इथे जाहिराती का नाहीत, तर माझ्या घरच्यांचं माझ्यावर फार प्रेम आहे. लोकांना ते इतकं आवडलं की माझी पत्रं दुपटीने वाढली. आगीतून फुफाट्यात!

पण दुकान चालवलेल्या बाईला ढीग समोर आला की त्याच्या वाटण्या केल्याशिवाय राहवत नाही. मी एक वही घेतली. चेनवाले एकीकडे, उंचीवाले एकीकडे, काजवाले एकीकडे. आणि चौथी वाटणी फुगतच चालली. खिसा! कुणी लिहिलं होतं, माझ्या एकाही कपड्याला खिसा नाही. कुणी लिहिलं होतं, खिसा आहे पण त्यात फक्त नाणं मावतं. एका नर्सबाईंनी लिहिलं होतं, बारा तास उभी असते, पेन कानामागे ठेवते. सगळ्यांचं मागणं एकच, घरी खिसा लावता येईल असं पेपर कटिंग द्या. म्हणजे कापडावर ठेवून कापायचा कागदी नमुना.

मी वही टाचणीपुढे आपटली. "तू बघत बसतेस, जे आले ते कुठल्या पानावर गेले. ज्यांना पाहिजे ते पानच नाही, ते तुझ्या आलेखात कसे दिसणार?"

तिने वहीची पानं भराभर उलटली. मग म्हणाली, "आत्या, तुला किती प्रकारचे खिसे येतात?"

"तू मागशील तेवढे."

सात केले. कुठल्याही कपड्याच्या बाजूच्या शिवणीत बसणारा, आतून चोरटा, नर्सबाईंसाठी पेनाचा, असे सात. लोकांनी पैसे भरायचे, नमुने उतरवून घ्यायचे आणि घरी छापायचे. पहिला नमुना आमच्याच घरी छापला आणि शिवला, तर त्यात वहिनीची चार बोटं जेमतेम गेली. दादाने छापलेला कागद उचलला, पोलादी पट्टी लावली आणि त्याचे डोळेच चमकले. "छापताना लहान झालंय! शंभराला चौऱ्याण्णव!" इतका खूश मी त्याला निवृत्तीचा अर्ज भरतानाही पाहिला नव्हता. त्याने हट्टाने प्रत्येक नमुन्यावर चार सेंटिमीटरचा चौकोन काढायला लावला आणि शेजारी लिहायला लावलं: आधी हा मोजा, बरोबर भरला तरच कापा. पुढे ज्या नमुन्याच्या चौकोनाला दादाची पट्टी लागली नाही तो साइटवर जायचाच नाही.

आणि विकले गेले! पहिल्या दिवशी अकरा. रात्रीपर्यंत थांबतंय कोण, दर विक्रीला टाचणी जिन्यातूनच ओरडायची, "आत्या, एक गेला!" आणि मी मशीनवरून ओरडायची, "कुठला?" नर्सबाईंनी आपल्या अख्ख्या वॉर्डाचा फोटो पाठवला, सगळ्यांच्या छातीवर पेनाचा खिसा. तो फोटो मी दुकानात लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, या कोण? मी सांगते, माझ्याच.

वर्ष संपलं तो दिवस शनिवार होता. सकाळी टाचणी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली, आम्ही तिघं समोर. तिने आकडा वाचला. पगाराला थोडा कमी. फार नाही, पण कमी. "हरले," म्हणाली. "सोमवारी जाते ऑफिसात. शब्द म्हणजे शब्द."

दादाने चष्मा लावला आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. काट्यावर नजर ठेवायची सवय, एक ओळ त्याला लगेच दिसली. "विक्री तर याच्या दुप्पट आहे. निम्मे पैसे कुठे गेले?"

"ते आत्याचे," टाचणी म्हणाली. "वेगळ्या खात्यात ठेवलेत. नमुने तिचे आहेत."

चाळीस वर्षं मी शिवणीचे पैसे घेतले. वीतभर शिवण, वीतभर पैसे. अकलेचे पैसे मला जन्मात कुणी दिले नव्हते, आणि मलाही ते मागायचे असतात हे सुचलं नव्हतं. ही पोरगी हरायला तयार झाली, पण माझ्या वाट्याला हात लावला नाही तिने. कुणाला न सांगता.

मग मला राग आला. मला आनंद फार झाला की रागच येतो. "घे ते परत! टाक तुझ्या आकड्यात!"

"नाही घेणार."

"टाचणे!"

"तुझं आहे, आत्या. साइट निम्मी तुझीच आहे. मला दया नको, आणि भीक तर नकोच."

"निम्मी माझी?"

"हो. कागदावर तसंच लिहिलंय मी."

"म्हणजे मी मालकीण."

"निम्मी."

"मग निम्म्या मालकिणीचं ऐक," मी उठून उभी राहिले. "काम अर्धवट आहे. आठवा खिसा बाकी आहे, बाह्यांचे नमुने बाकी आहेत, दोनशे पत्रं पडलीत. अशा वेळी भागीदाराला सोडून जायला मी परवानगी देत नाही. तुझी अट तुझ्या बापाशी असेल. माझ्याशी तर कुणी अट केलेली नाही!"

सगळ्यात आधी दादा हसला. इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिला. "काटा बरोबर आहे," एवढंच म्हणाला. वहिनी म्हणाली, "मालकीणबाई, बसा आता, ब्लडप्रेशर वाढेल."

टाचणी माझ्याकडे बघत होती, खालचा ओठ दातात धरून. मग तिने फोन उचलला आणि विम्याच्या साहेबांना लावला. शनिवारी त्यांचं अर्धा दिवस ऑफिस असतं.

"साहेब, नमस्कार. ती खुर्ची आता कुणालातरी देऊन टाका," ती म्हणाली. "नाही, नाही, सगळं छान आहे. मी येणारच होते हो. पण आमच्या मालकीणबाई सोडत नाहीत."