गच्चीवरचा दिवा आणि माझे कान

“नुसतं खरखरतंय मेलं.” खाली रेडिओपुढे बसून बळवंतची बायको हेमांगी माझ्या नावाने बोटं मोडायची. मित्रांनो, मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या एका घराच्या गच्चीवरची जुनी अँटेना आहे. या घरातली माणसं बोट घेऊन समुद्रावर गेली की त्यांची हाक ऐकायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म मरोळच्या एका शेडमधला. या घरच्या थोरल्या मुलाने, बळवंतने, मला खांद्यावरून आणलं आणि उंच पाइपवर बसवलं. त्याच्या आईने, पुतळाबाईंनी, मला हळद-कुंकू लावलं. असा मान सगळ्याच अँटेनांना मिळत नाही.

या घरची एक रीत आहे. बोट बाहेर असेपर्यंत गच्चीवरचा दिवा विझवायचा नाही, दिवसासुद्धा. आधी कंदील होता, मग साधा बल्ब. मग बळवंतनेच आईसाठी झगझगीत एलईडी आणला, माझ्याच पाइपला बांधला आणि त्याची वायर माझ्या वायरीभोवती गुंडाळली. दिसायला झकास. पण तो लागला की माझ्या कानात भुंगे शिरायचे. जवळची खरखर मोठी, लांबची हाक बारीक. सांगणार कसं? आम्हाला तोंड नसतं.

गेल्या वर्षी बळवंतची बोट वादळात सापडली. रेडिओवर मधूनच एखादं अक्षर यायचं, बाकी सगळी खरखर. बळवंत परत आला नाही.

काल चुलत्यांची बोट बाहेर असताना लाइट गेली. दिवा विझला, रेडिओ मात्र बॅटरीवर चालू होता. खरखर एकदम थांबली आणि लांबच्या कुठल्याशा बोटीवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा बोलू लागला. हेमांगीने धाकट्या दिराकडे, निमेशकडे पाहिलं. कोपऱ्यात पुतळाबाई सुकट निवडत होत्या.

लाइट आली. खरखरही आली.

“भावजी, तो दिवा...” जिन्यात हेमांगी हळूच म्हणाली.

“आयेला नको सांगू. मरेल ती.”

“आणि उद्या तुम्ही निघालात की?”



मित्रांनो, अँटेना दिव्यांपासून, विजेच्या वायरींपासून लांब ठेवा. अधूनमधून घरातलं एकेक बटण बंद करून बघा, तिला ऐकू येतंय का.

चुलत्यांची बोट रात्री परतली, आज निमेशची सुटली. रिवाजाप्रमाणे पुतळाबाई दिवा लावायला वर आल्या, मागोमाग हेमांगी. पुतळाबाईंनी बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही.

“बळवंतने हाक मारली असणार गो,” त्या म्हणाल्या. “माझ्या दिव्याने ऐकू नाय दिली.”